सातव्या वर्षी दाखवा, तार मात्र लागेल तेव्हाच

मागच्या अंकात मुलांच्या दातांबद्दल एक छोटं उत्तर दिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हणून कळवलंय, म्हणून फक्त गाव दिलंय. ज्यांनी मोबाइलवर काढलेले दातांचे फोटो पाठवलेत त्यांना एवढंच सांगते, फोटोवरून अंदाज येतो, निदान होत नाही, त्यामुळे खालचं वाचून झालं की तुमच्या जवळच्या डॉक्टरांना मूल प्रत्यक्ष दाखवाच.

प्रश्न : माझी मुलगी साडेसात वर्षांची आहे, शाळेत डेंटल कॅम्प झाला त्यात कार्डावर लिहून दिलं की ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना, दाखवा. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात सगळे दुधाचे दात पडू देत, बाराव्या वर्षी बघू. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी कोणी कुठे दाखवलं होतं. मी ऐकायचं कोणाचं?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, कॅम्पवाले दाखवण्याबद्दल बोलतायत आणि तुमचे डॉक्टर तार लावण्याबद्दल, आणि आपल्याकडे या दोन गोष्टी एकच समजल्या जातात हाच सगळा घोळ आहे. दाखवायला गेलं म्हणजे तार लागलीच असं नसतं. या वयात तपासलेल्या बहुतेक मुलांना मी काहीच करत नाही, घरी पाठवते आणि सहा महिन्यांनी किंवा वर्षाने परत या म्हणते.

सात हे वय का, तर साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे पहिली पक्की दाढ येते. ती येताना कुठलाच दात पडत नाही त्यामुळे कित्येक घरांत ती दुधाचीच वाटते आणि कीड लागली तरी पडणारच आहे म्हणून सोडून देतात, ती पडत नाही हो, ती जन्माची दाढ आहे. त्याच सुमारास खालचे पुढचे दात आणि मग वरचे पटाशीचे दात बदलायला लागतात, म्हणजे पुढचा आणि मागचा दोन्हीकडचा चावा पक्क्या दातांवर पहिल्यांदाच बघायला मिळतो. अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटनासुद्धा सातव्या वर्षापर्यंत एक तपासणी करून घ्या असंच सांगते, उपचार करून घ्या असं ती म्हणत नाही.

आता त्या तपासणीत काय शोधायचं असतं. खालचा जबडा वरच्याच्या पुढे जातोय का, मागच्या दाढा एका बाजूला उलट्या बसतायत का आणि त्यामुळे चावताना हनुवटी बाजूला सरकतेय का, वरचे दात इतके पुढे आहेत का की पडल्यावर सगळ्यात आधी तेच आपटतील, अंगठा चोखण्याची किंवा तोंडाने श्वास घ्यायची सवय आहे का, एखादी दुधाची दाढ लवकर गेल्याने जागा बंद होतेय का, आणि एका बाजूचा दात आला पण दुसऱ्या बाजूचा सहा महिने झाले तरी नाही असं आहे का. हे शेवटचं कोणी सांगत नाही म्हणून जरा थांबून लिहितेय. कधीकधी वर मधोमध एक जादा दात हाडात अडकलेला असतो आणि तो पटाशीच्या दाताची वाट अडवतो, एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही, आणि वेळेत काढला तर अडकलेला दात बऱ्याचदा आपला आपण खाली येतो.

यातलं काही असेल तर थांबण्यात नुकसान आहे. बाकी दात जरा वाकडे, जरा फिरलेले, मध्ये फट, खाली थोडीशी गर्दी, हे आठव्या वर्षी असतंच. कित्येक मुलांचं पुढे बरंच सुधारतं आणि नाही सुधारलं तरी अकरा ते तेराच्या दरम्यान एकदाच व्यवस्थित तार लावता येते. घरी बघायचं असेल तर मुलीला खिडकीपाशी उजेडात उभी करा, दाढांवर दाढा ठेवून चाव म्हणा आणि गाल दोन्ही बाजूंनी बोटाने बाजूला करून बघा, वरचे दात सगळीकडे खालच्यांच्या बाहेरून बसायला हवेत. सासूबाईंना सांगा, त्यांच्या वेळी दाखवत नव्हते कारण दाखवायला कोणी नव्हतं, आता आपल्याकडे आहे.

प्रश्न : नातवाचे खालचे दोन दात पडायच्या आधीच मागून नवीन दोन आलेत, दोन रांगा दिसतात. सूनबाई घाबरली आहे. मी त्याला सारखी सांगते जीभ लावू नको, दात वाकडे येतील. बरोबर आहे ना?
— एक आजी, वाई

उत्तर : आजी, सूनबाईंना सांगा घाबरायचं काही कारण नाही. खालचे पुढचे पक्के दात दुधाच्या दातांच्या आतल्या बाजूलाच तयार होतात त्यामुळे बऱ्याच मुलांत ते मागून उगवतात. दुधाचा दात हलत असेल तर हलू द्या, गाजर, पेरू, कणीस असं काहीतरी चावायला द्या, तो पडला की मागचा दात हळूहळू पुढे सरकतो. आणि त्याला पुढे ढकलायचं काम जीभच करते, म्हणून इथे तरी जीभ लागू दे त्याची. दोनतीन महिन्यांत दुधाचा दात अजिबात हललाच नाही तर डॉक्टरांकडून काढून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. वरच्या दातांच्या बाबतीत मात्र इतकं थांबू नका, वरचा दात टाळूच्या बाजूने आला आणि खालच्याच्या आत अडकला तर तो आपणहून बाहेर येत नाही.

पडलेल्या जागेवर मुलं जीभ फिरवतात त्याने दात वाकडा येत नाही. दाताला थोडा वेळ मिळालेला धक्का चालतो, रोज तासन् तास मिळालेला हलका दाब त्याला सरकवतो, अंगठ्याचं म्हणूनच आम्ही मनावर घेतो.

प्रश्न : मुलगी ७ वर्षांची. खालची दुधाची दाढ किडली होती, रात्रभर रडायची म्हणून काढून टाकली, डॉक्टर म्हणाले दुधाचीच आहे. आता दुसरीकडे दाखवलं तर म्हणतात जागा धरून ठेवायला रिंग लावायला लागेल. आधी का नाही सांगितलं मग? खरंच लागते का ही रिंग की उगाच खर्च?
— एक वडील, इचलकरंजी

उत्तर : दादा, लागते, आणि शक्य असेल तर याच महिन्यात लावून घ्या.

दुधाच्या दाढा नुसत्या चावायला नसतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसं दुधाची दाढ खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा धरून बसलेली असते, आणि तिची पडायची खरी वेळ दहा ते बारा वर्षांची आहे. तुमच्या मुलीची सातव्या वर्षीच गेली. आता मागची सहाव्या वर्षी आलेली पक्की दाढ पुढे झुकायला लागेल, पहिल्या सहा महिन्यांत जास्तच, आणि तीनचार वर्षांनी खालचा दात यायला निघेल तेव्हा त्याला जागा नसेल, मग तो आडवा येईल, आत येईल किंवा हाडातच अडकेल.

ती रिंग म्हणजे मागच्या दाढेवर बसवलेला पट्टा आणि त्याला पुढे जोडलेली तारेची कमान, ती फट उघडी ठेवते. दुखत नाही. बसवताना मापाला एक आणि लावायला एक अशा दोन फेऱ्या होतात, आणि तारेच्या पूर्ण उपचाराच्या मानाने खर्च फारच थोडा. लावल्यावर विसरायचं मात्र नाही, पट्ट्याखाली अन्न अडकतं म्हणून ब्रश नीट हवा, चिकट चिक्की-चॉकलेट नको, आणि दर तीनचार महिन्यांनी दाखवायचं कारण खालचा दात आला की ती काढावी लागते.

अजून एक, दुधाच्या दाढा त्यांच्या जागी येणाऱ्या पक्क्या दातांपेक्षा रुंद असतात. खालच्या जबड्यात दोन्ही बाजू मिळून सरासरी ३.४ मिलिमीटर जागा अशी शिल्लक राहते आणि पुढच्या दातांची थोडी गर्दी असेल तर ती मिटवायला हीच जागा उपयोगी पडते. कीड लागून दाढ झिजली किंवा लवकर गेली की ही जागा हातची जाते. म्हणून मी सगळ्याच आईवडलांना सांगते, दुधाची दाढ किडली तर आधी वाचवायचं बघा, चांदी-सिमेंट भरून, नाहीतर मुळाचा उपचार करून कॅप लावून. अगदीच वाचत नसेल तरच काढा, आणि काढायच्या आधी विचारा, पुढे जागेचं काय.

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. तोंड मिटलं की खालचे दात वरच्यांच्या पुढे येतात. मिस्टरांचा आणि सासऱ्यांचा जबडा तसाच आहे त्यामुळे घरात कोणाला काही वाटत नाही. एका डॉक्टरांनी चेहऱ्यावर बाहेरून लावायचा फेसमास्क सांगितलाय, दुसऱ्या म्हणाल्या आत्ता काही करू नका, अठरानंतर ऑपरेशन. मी खरंच गोंधळलेय, त्याला चेहऱ्यावर असं काही लावायचं म्हणजे मला बघवणार नाही.
— एक आई, पुणे

उत्तर : ताई, आजच्या सगळ्या पत्रांत ज्याची घाई करा असं मी सगळ्यात जोर देऊन सांगेन ते तुमचं.

आधी एक गोष्ट तपासून घ्या. काही मुलांत जबडे ठीक असतात, फक्त वरचे एकदोन दात आत झुकलेले असतात आणि ते खालच्यांना अडखळतात म्हणून मूल जबडा पुढे सरकवून चावतं. तसं असेल तर साधी काढायची-घालायची प्लेट किंवा पुढच्या चार दातांना तार लावून काही महिन्यांत काम होतं. पण घरात दोन पिढ्या तसा जबडा आहे म्हणताय तेव्हा तुमच्याकडे हाडांचा प्रश्न असायची शक्यता जास्त. त्यासाठी बाजूने काढलेला चेहऱ्याचा एक्स-रे लागतो, त्यात कळतं की खालचा जबडा मोठा आहे का वरचा मागे राहिलाय. बऱ्याच मुलांत वरचाच मागे असतो, आणि फेसमास्कचा उपयोग होतो तो त्यांना.

फेसमास्क कपाळ आणि हनुवटीवर टेकतो, तोंडातल्या उपकरणापासून त्याला रबर बँड लावतात आणि ते वरच्या जबड्याला हळूहळू पुढे ओढतात. वरच्या जबड्याचे सांधे लहान वयात सैल असतात म्हणून हे होतं, दहाच्या आत सुरू केलं तर फायदा जास्त, तेराव्या वर्षी तोच मास्क लावला तर बहुतेक दातच सरकतात, हाड नाही. रोज बारा ते चौदा तास लागतो, म्हणजे संध्याकाळी घरी आल्यापासून सकाळी उठेपर्यंत, साधारण सहा महिने ते वर्षभर. शाळेत लावायचा नाही, खेळताना लावायचा नाही, त्यामुळे मित्रांना कळायचंही कारण नाही.

ब्रिटनमध्ये दहाच्या आतल्या मुलांवर याचा नीट अभ्यास झालाय, काहींना मास्क दिला काहींना नाही आणि सहा वर्षांनी परत तपासलं. मास्कवाल्यांपैकी ३६ टक्के मुलांना पुढे जबड्याच्या ऑपरेशनची गरज आहे असं ठरलं, न लावलेल्यांत ६६ टक्के. या आकड्यांत दोन्ही गोष्टी आहेत. फायदा खरा आहे, आणि तरीही तीनातल्या एकाला पुढे ऑपरेशनचा विचार करावा लागतोच, कारण हनुवटी मुलांमध्ये अठराच्याही पुढे वाढत राहते आणि घराण्यातली ती वाढ आपल्या हातात नाही. म्हणून मास्क लावून चावा सरळ झाला की विषय संपला असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, वाढ थांबेपर्यंत वर्षातून एकदा दाखवत राहायचं.

तुम्हाला बघवणार नाही म्हणता ते कळतं मला. पण मुलं आपल्यापेक्षा लवकर रुळतात, पहिला आठवडा कुरकुर होते, हनुवटीची कातडी लाल होते, मग झोपायच्या आधी स्वतःच लावून घेतात. त्याच्याशी आधी बोला, आरशासमोर त्याच्या हाताने लावू द्या. आणि मिस्टरांनी सांगितलं की मलाही तुझ्या वयात हे मिळालं असतं तर बरं झालं असतं, तर त्याला ते दहा डॉक्टरांपेक्षा जास्त पटेल.

प्रश्न : मुलगी ९ वर्षांची, वरचे दात खूप पुढे आहेत. वर्गात तिला ससा म्हणतात, फोटोत ओठ मिटून उभी राहते. एका क्लिनिकने दोन टप्प्यांचं पॅकेज सांगितलं, आत्ता एकदा आणि परत बाराव्या वर्षी. खर्च दुप्पट होतोय. दरम्यान मी ऑनलाइन एक सिलिकॉनचा ट्रेनर मागवलाय, रात्री घालायचा, तो चालेल का?
— एक आई, ठाणे

उत्तर : ट्रेनरचं आधी सांगते, तो नका घालू. कुठल्या जबड्याला काय करायचंय हे न बघता एकाच मापाचं उपकरण तोंडात घालणं बरोबर नाही, आणि हाडांच्या वाढीवर त्याचा भरवशाचा परिणाम होतो असं दाखवणारा पुरावाही नाही. त्यात सहा महिने गेले की तेवढाच वेळ वाया.

आता दोन टप्प्यांचं. या प्रश्नावर बरेच अभ्यास झालेत आणि ते सगळे एकत्र करून बघितल्यावर जे निघालंय ते असं, की वरचे दात पुढे असलेल्या मुलांना आठनऊ वर्षांच्या वयात आणि परत पुढे असे दोनदा उपचार केले काय किंवा थेट वयात येताना एकदाच केले काय, शेवटी दात आणि चेहरा जवळपास सारखेच होतात. एकाच बाबतीत लवकरचा उपचार सरस ठरतो, पुढचे दात पडून-आपटून तुटायचं प्रमाण कमी होतं. वरचे दात खालच्यांच्या तीन मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे असले की इजेचा धोका साधारण दुप्पट होतो, सहासातच्या पुढे गेले आणि वरचा ओठ त्यांना झाकत नसेल तर मग विचार करायलाच हवा.

आणि दुसरी गोष्ट तुमच्या पत्रात आहे, ती मला तितकीच मोठी वाटते. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात लवकर उपचार केलेल्या मुलांना स्वतःबद्दल बरं वाटायला लागलं आणि चिडवण्याचा त्रास कमी झाला असं दिसलं होतं. पुढे काही वर्षांनी हा फरक राहिला नाही, पण नऊ वर्षांच्या मुलीला आज शाळेत जायचंय. ती खरंच मिटून राहायला लागली असेल, वर्गात बोलत नसेल, तर माझ्या मते आत्ता पहिला टप्पा करणं योग्य आहे आणि त्याला कोणी हौस म्हणू नये. पण त्याआधी वर्गशिक्षिकांना जाऊन भेटा, चिडवणं थांबवायची जबाबदारी तुमच्या मुलीच्या दातांची नाही.

तिला फार काही वाटत नसेल तर थांबा. मुलींची वाढ साधारण दहा ते बाराच्या दरम्यान जोरात असते, तेव्हा ट्विन ब्लॉकसारखी खालचा जबडा पुढे धरणारी प्लेट आणि लगेच मागोमाग तार असं सलग एकाच उपचारात होतं. क्लिनिकमध्ये तीन गोष्टी विचारा: आत्ता केल्याने पुढचा टप्पा खरंच छोटा होणार आहे का, आत्ता नाही केलं तर नेमकं काय बिघडेल, आणि पैसे टप्प्याटप्प्याने घेणार का आत्ताच सगळे. सरळ उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडे दाखवा.

तोपर्यंत सायकल, स्केटिंग, कबड्डी, जे काही खेळत असेल त्यात माउथगार्ड घालू द्या. आणि पक्का दात मुळासकट निखळून पडलाच तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, घासायचा नाही, माती असेल तर पटकन पाण्याखाली धरायचा, जमलं तर तिथेच परत बसवायचा नाहीतर दुधात टाकायचा आणि अर्ध्या तासात डॉक्टर गाठायचे. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. सात वर्षांच्या मुलाला इथल्या ऑर्थोडॉन्टिस्टने टाळूला लावायचा एक्स्पांडर सांगितलाय. आई-बाबा आणि भारतातले दोन डॉक्टर नातेवाईक म्हणतात अमेरिकेत सगळंच जास्त करतात. तो रात्री तोंड उघडं ठेवून झोपतो, घोरतो, ते पण याने जाईल म्हणाले.
— एक वडील, न्यू जर्सी

उत्तर : एक्स्पांडर म्हणजे वरचा जबडा रुंद करायचं उपकरण, तो कशासाठी सांगितलाय यावर सगळं अवलंबून आहे. वरचा जबडा अरुंद असून मागच्या दाढा उलट्या बसत असतील, त्यातही चावताना हनुवटी एका बाजूला जात असेल, तर सात-आठ हे चांगलं वय आहे, थांबलात तर जबड्याची वाढ एका बाजूला झुकू शकते. टाळूच्या मधोमध दोन हाडांचा जोड असतो, तो या वयात सहज उघडतो आणि पंधरा-सोळाच्या पुढे घट्ट होत जातो. उपकरणात छोटा स्क्रू असतो, घरी किल्लीने फिरवायचा, एका वळणाला साधारण पाव मिलिमीटर. पुढच्या दोन दातांमध्ये अचानक फट दिसली तर घाबरू नका, हाड उघडल्याची ती खूण आहे आणि फट पुढे आपोआप मिटते. रुंदी मिळाली की उपकरण लगेच काढायचं नाही, मध्ये नवीन हाड भरेपर्यंत पाचसहा महिने तसंच ठेवायचं.

पण दाढा नीट बसतायत आणि नुसती पुढे दातांना जागा लागेल म्हणून सांगितलं असेल, तर मी सातव्या वर्षी करणार नाही. तिथे दुसरं मत घ्या.

घोरण्यासाठी मात्र आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. या वयात नाकामागची अ‍ॅडेनॉइडची गाठ मोठी असते, अ‍ॅलर्जी असते, टॉन्सिल असतात, त्यांचा इलाज वेगळा आहे. झोपेत श्वास अडकतो, दचकून उठतो, दिवसा चिडचिड करतो असं असेल तर हे दातांच्या आधी. एक्स्पांडरने नाकातली जागा थोडी वाढते हे खरं, पण फक्त घोरणं घालवायला म्हणून तो लावू नये.

प्रश्न : मुलगा पावणेपाच वर्षांचा, झोपताना अंगठा लागतोच. कडुलिंबाचा रस लावून झाला, मिरची लावून झाली, मारून झालं. वरचे दात पुढे आणि मध्ये उघडी फट दिसायला लागलीये.
— एक आई, मडगाव

उत्तर : ताई, मिरची आणि मारणं दोन्ही आजपासून बंद करा, तोच हात डोळ्याला लागतो, आणि घाबरलेलं मूल अंगठ्याकडेच जास्त वळतं. तुमच्याकडे अजून वेळ आहे. पुढचे पक्के दात यायच्या आधी सवय सुटली तर ती फट बहुतेक वेळा आपोआप भरून येते, एकही उपकरण न लावता. दिवसा चोखत नाही हे निम्मं काम झालेलं आहे. झोपताना हाताला कापडाची पिशवी किंवा मऊ मोजा, त्याच्या आवडीच्या रंगाचा, आणि तो त्याला विचारून घालायचा, शिक्षा म्हणून नाही. कॅलेंडरवर कोरड्या अंगठ्याच्या सकाळी चांदणी काढायची. झोप लागेपर्यंत जवळ बसा, गोष्ट सांगा, हात हातात घ्या, कारण अंगठा त्याला जे देतो ते कुठूनतरी मिळायला हवं. सहा-सात वर्षांपर्यंत नाहीच सुटली आणि त्याला स्वतःला सोडायची असेल तर टाळूमागे तारेची छोटी जाळी लावता येते.

प्रश्न : मुलगी साडेदहा वर्षांची. वरच्या दोन दातांत फट आहे. एकांनी ओठामागची शिर कापायला सांगितली. सुळे अजून आले नाहीत.
— एक वडील, अकोला

उत्तर : ओठ हिरडीला जोडणारी ती पट्टी आत्ता कापू नका. वरचे सुळे हाडात वरून उतरताना बाजूच्या दातांच्या मुळांना ढकलतात म्हणून पुढचे दात पंख्यासारखे पसरतात, अकरा-बाराला सुळे खाली आले की फट बहुतेक मिटते. नाही मिटली तर तारेने बंद करून मग शिरेचं बघतात.

तुम्ही बघायचं ते वेगळंच. दहाव्या वर्षी वरच्या हिरडीवर बाहेरून बोट फिरवलं की दोन्हीकडे सुळ्यांचा उंचवटा लागायला हवा. एका बाजूला लागत नसेल तर एक्स-रे काढा. सुळा टाळूच्या बाजूला वळत असेल तर या वयात नुसता दुधाचा सुळा काढून टाकल्यावर पक्का सुळा बऱ्याचदा आपली वाट सुधारतो, स्वीडनमधल्या १९८८ च्या अभ्यासात दहा ते तेरा वयाच्या मुलांत असे ७८ टक्के सुळे ताळ्यावर आले होते. हीच गोष्ट चौदाव्या वर्षी कळली तर हिरडी उघडून साखळीने सुळा ओढावा लागतो आणि त्यात वर्ष-दीड वर्ष जातं.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. आमच्या तांड्यावरच्या एका मुलाचं ओठ आणि टाळूचं ऑपरेशन लहानपणी फुकट झालं होतं. आता तो आठ वर्षांचा आहे, वरचे दात वेडेवाकडे आणि आत गेलेत, हिरडीत फट आहे. आईवडील ऊसतोडीला जातात, दिवाळीनंतर नसतात. ते म्हणतात ऑपरेशन तर झालं, आता काय. अजून काही करायचं असतं का?
— एक सेविका, बीड जिल्हा

उत्तर : ताई, करायचं असतं, आणि तुम्ही नेमक्या वेळेला विचारलंत. ओठ आणि टाळू शिवली तरी हिरडीच्या हाडातली फट तशीच राहते. आठ ते अकराच्या दरम्यान, वरचा सुळा खाली यायच्या आधी, कंबरेच्या हाडातून थोडं हाड घेऊन ती फट भरतात, म्हणजे सुळा त्या नव्या हाडातून खाली येतो. सुळा आधीच फटीत उतरला तर याचा फायदा कमी होतो. बऱ्याच मुलांना त्याआधी आत गेलेला वरचा जबडा रुंद करावा लागतो, आणि शिवलेल्या जागेच्या वणामुळे वरच्या जबड्याची वाढ मागे पडत असेल तर वर लिहिलेला फेसमास्कही लागू शकतो. म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट आणि सर्जन दोघांनी मिळून बघायचं काम आहे. फटीजवळचा कुठलाही दात, कितीही वाकडा असला तरी, या दोघांना विचारल्याशिवाय कोणाकडूनही काढू देऊ नका, त्याच्याबरोबर बाजूचं हाडही जातं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, अठरा वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात आणि ओठ-टाळू दुभंगलेली मुलं त्यात धरलेली आहेत. तुमच्या अंगणवाडीत तपासणीला येते त्याच टीमकडून मुलाची चिठ्ठी जिल्हा रुग्णालयाला करून घ्या. दातांसाठी तुम्हाला छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय जवळ पडेल, तिथे ऑर्थोडॉन्टिक्सचा वेगळा विभाग आहे. पहिलं ऑपरेशन स्माइल ट्रेन या, ओठ-टाळूची ऑपरेशनं फुकट करायला मदत करणाऱ्या संस्थेच्या मदतीने झालं असेल, तर त्याच हॉस्पिटलला फोन करून हाड भरण्याच्या ऑपरेशनचंही विचारा, जुने कागद तिथे असतील.

ऊसतोडीचं मात्र पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा, लपवू नका. दर महिन्याला या म्हणणाऱ्या उपचाराला हे कुटुंब कारखान्याच्या हंगामात येऊ शकणार नाही आणि स्क्रू फिरवायचं उपकरण तोंडात घेऊन पोरगं फडावर गेलं तर त्याच्याकडे कोण बघणार. उपकरण बसवणं, फिरवणं, ऑपरेशन हे हंगाम संपल्यावर, एप्रिल ते सप्टेंबरच्या आत बसवता येतं, डॉक्टरांना आधी माहीत असेल तर. मुलगा आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहणार असेल तर ते वेगळं सांगा, मग फेऱ्या मधेही ठेवता येतील. जाताना जन्माचा दाखला, पहिल्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि असेल ते रेशन कार्ड बरोबर न्या, आणि या वर्षीचे लोक परत निघायच्या आत पहिली भेट होऊ द्या.